ओढ्यापलीकडचे गुंठे

"किती घ्यायची म्हंता?" शेडगेने विचारलं.

"पाच गुंठे," हे म्हणाले.

"दोन एकर," मी म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकदमच गेली. शेडगेने हातातला चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. जमिनीच्या दलालीत त्याची हयात गेली होती. पुण्या-चिंचवडकडची जोडपी त्याच्याकडे नेहमीच येत. त्यांतला पुरुष एकरांत बोलायचा, बाई गुंठ्यांत, आणि शेवटी बाईचं खरं व्हायचं. आमचं सगळंच उफराटं होतं. बोलणी कुठून सुरू करावीत हेच त्याला कळेना.

"आसं करा," तो म्हणाला, "घरातनं ठरवून या. मी कुटं पळून जात न्हाई."

"ठरलंय," हे म्हणाले. "पाच."

"ठरलंय," मी म्हणाले. "दोन एकर."

"पाच गुंठ्याचं शेत नसतंय साहेब. प्लॉट असतोय."

"मग प्लॉट दाखवा."

"आणि शेत पण दाखवा," मी म्हणाले.

शेडगेने जीपची किल्ली उचलली. भांडणारं गिऱ्हाईक शेवटी काहीतरी घेतं, एवढा त्याचा विश्वास असावा.

ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. हे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. चिंचवडच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात ह्यांची सगळी नोकरी गेली. दिवसभर घणाच्या आवाजात उभा राहिलेला माणूस हळू बोलायला शिकत नाही. ह्यांचा आवाज आमच्या इमारतीत प्रसिद्ध होता. मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचे, म्हणजे माझाही काही कमी नव्हता. आणि तिसरा आवाज सुहासचा. सुहास आमचा एकुलता एक. तो जमिनीच्या आधी सहा वर्षं तापाने गेला. आठवडाभराचा ताप. तो पंचवीस वर्षांचा होता. याहून जास्त मी लिहीत नाही, कारण मला लिहिता येत नाही.

त्यानंतर ह्यांनी हाक मारणं सोडलं.

बोलणं सोडलं असं नाही. समोरासमोर बसलो की भाजीचे भाव, विजेचं बिल, वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज, सगळं बोलायचे. पण मी स्वयंपाकघरात असले आणि ह्यांना काही हवं झालं, तर पूर्वी बसल्या जागेवरून हाक यायची. आता हे उठून यायचे आणि दारात उभे राहायचे. मी वळून बघेपर्यंत उभे. कुकर चालू असला की मला चाहूल लागायची नाही. वळले की दचकायचे.

"किती वेळ उभे आहात?"

"आत्ताच आलो."

आत्ताच आलेले नसायचे.

दोन खोल्यांच्या घरात हे चालून जातं. मी रागावून पाहिलं, काकुळतीला येऊन पाहिलं. एकदा न सांगता गच्चीवर जाऊन बसले. म्हटलं, आता तरी जिन्यात उभं राहून हाक मारतील. तर हे दुखऱ्या गुडघ्याने तीन जिने चढून आले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि धाप ओसरल्यावर म्हणाले, "दूधवाला आलाय." हाक का बंद झाली ते मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत होतं. पण तो आमच्यात बोलायचा विषय नव्हता.

गावाकडे जायचं ह्यांनीच काढलं. इमारतीतली माणसं जिन्यात आम्हाला पाहून आवाज खाली आणत, ते ह्यांना सोसत नव्हतं. ह्यांच्या मूळ गावी भाऊ होते, नावावर वडिलोपार्जित तुकडाही होता, पण तिथे सुहासच्या वयाचे तीन पुतणे होते. तेव्हा तिकडे नको, दुसरीकडे कुठेतरी, डोंगराच्या बाजूला, पाटणच्या आसपास. मी चटकन हो म्हटलं. हे चकित झाले. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. जमीन एवढी घ्यायची, की माणसाला दर वेळी चालत येऊन समोर उभं राहणं शक्य होणार नाही. आंबा, हळद, गाय ही कारणं आपली तोंडी लावायला. मला ह्यांची हाक हवी होती. एकराच्या हिशेबात ती किती एकरांना मिळते, ते मला ठाऊक नव्हतं. दोन हा माझा अंदाज होता.

शेडगेने पहिली दाखवली ती रस्त्याकडेची वीस गुंठे. मालक आणि हे बांधावर बोलत उभे राहिले. मी चालत चालत पार पलीकडच्या टोकाला गेले आणि बाभळीखाली पाठ करून बसले. मनात म्हटलं, बघू.

थोड्या वेळाने ढेकळं फुटल्याचा आवाज आला. जवळ येत येत माझ्या मागे थांबला. मी वळले नाही. आवाजही पुढे झाला नाही. शेवटी मलाच वळावं लागलं.

"ऊठ," हे म्हणाले. "शेडगे थांबलेत."

"किती वेळ उभे आहात?"

"आत्ताच आलो."

वीस गुंठे बाद झाली. मी शेडगेला सांगितलं, जागा लहान आहे. हे म्हणाले, मोठी आहे. बाद करण्यावर मात्र आमचं एकमत होतं, आणि शेडगेने तेवढंच ऐकलं.

दुसरी होती ती दोन एकर. डोंगराच्या उतारावरची, मुरमाड. मी सरळ चढायला लागले. मालक मागून ओरडला, "वैनी, वर काय न्हाई." मी म्हटलं, काही नाही तेच बघते. वर जाऊन एका दगडावर बसले. तिथून खालची सगळी माणसं दिसत होती. शेडगेने घड्याळ पाहिलं, ह्यांना काहीतरी म्हणाला. हे वर बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मी दगडावर पुढे सरकून बसले.

मग हे चढायला लागले.

"साहेब, हाक मारा की वैनींना," शेडगे खालून म्हणाला. उतारावर आवाज स्वच्छ येत होता. "कशापायी चढताय?"

"व्यायाम होतो," हे म्हणाले.

दोनदा थांबले, गुडघा चोळला, पुन्हा चढले. माझ्यापाशी पोचले तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला ह्यांची फार दया आली. तेवढाच रागही आला. मी मुकाट्याने उतरले आणि खाली आल्यावर शेडगेला म्हणाले, "लहान वाटते. चार एकर आहे का कुठे?"

शेडगेने कपाळाला हात लावला.

परत जाताना आम्ही फाट्यावरच्या टपरीवर थांबलो. हे कारखान्यातले. काही मोजल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

"चार एकरांत काय करणार आहेस?"

"हळद लावीन."

"वर्षाला हळद किती लागते आपल्याला?"

"विकीन."

"कुणाला?"

"लोकांना."

"तू दवाखान्यात नावं पुकारायचीस. हळद कधी विकलीस?"

"तुम्ही क्रँकशाफ्ट केलेत. कोथिंबीर तरी कधी लावलीत?"

"म्हणूनच पाच गुंठे म्हणतोय. चुकली तर पाच गुंठे चुकेल."

"मला मोकळं वाटायला हवं."

"पाच गुंठ्यांत आपलं चिंचवडचं घर किती वेळा बसतं, माहितीये? हिशेब करून दाखवू?"

"नको."

शेडगे चहात पाव बुडवत होता आणि दुसरीकडे बघत होता. पाव तुटून चहात पडला तरी त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तो बरेच दिवस फिरकलाच नाही. आम्ही त्याच्या हातून सुटलो असं मला वाटलं. पण दिवाळी झाल्यावर एक दिवस त्याचा फोन आला.

"एक जागा हाय," तो म्हणाला. "पर सांगायला जीव धजत न्हाई."

"का? भानगड आहे?" ह्यांनी विचारलं.

"भानगड न्हाई. ओढा हाय."

जागा जगदाळे आक्कांची. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आता त्या कराडला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. उंच, ताठ बाई, नऊवारी लुगडं, आवाज असा की जीपचं इंजिन बंद व्हायच्या आधीच "या, बसा" ऐकू आलं. ओढ्याच्या अलीकडे पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, आणि भोवती आठ गुंठे. मग ओढा. ओढ्यापलीकडे आणखी वीस गुंठे, मधे एक उंचवटा असलेलं शेत.

हे आठ गुंठ्यांतून फिरून आले. पावलांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, पत्र्यावर दोन ठिकाणी टकटक केलं. परत आले तेव्हा चेहरा उजळला होता. ह्यांचा असा चेहरा मी किती दिवसांनी पाहत होते. मला वाटलं, आता संपलं. घेतली ही आठ. आता जन्मभर हे माझ्या पाठीमागे येऊन उभे राहणार.

"एवढी द्या आम्हाला," हे आक्कांना म्हणाले. "अलीकडची."

"आन पलीकडची काय मी डोस्क्यावर घिऊन जाऊ?"

"ती दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरा कोन घेतोय? वाट हितनंच हाय. घेतली तर समदी, न्हाई तर च्या पिऊन जावा."

"आन साहेब," शेडगे म्हणाला, "कायद्यानंबी तुकडा पडत न्हाई. म्हणून म्हनलं, सांगायला जीव धजत न्हाई."

हे पडवीत बसून ओढ्याकडे बघत राहिले. पावसाळा सरला होता तरी पाणी गुडघ्याएवढं होतं. मधे चार-पाच मोठे दगड टाकलेले, त्यांवर शेवाळ.

"पूल नाही?"

"साकव व्हता. त्यो गेला वाहून. दगडावरनं जायाचं, बगून पाय ठिवायचा."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग आक्का, मालक पलीकडे काम करत असले तर जेवायला हाक मारायचात?"

"मी? आन मालकांला हाक मारू?" आक्का हसल्या. "सासू जित्ती व्हती की माझी. ताट वाजवायची मी."

त्या आत गेल्या आणि एक जाडजूड पितळी ताट आणि पळी घेऊन आल्या. "ह्याचा आवाज पार वरल्या वस्तीला जायाचा. कवा कवा तितला एखादा गडीबी जेवायला यायचा."

ह्यांनी ताट हातात घेतलं. उलटसुलट केलं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. धातूतलं ह्यांना कळतं.

"हे ताट देणार का?" ह्यांनी विचारलं.

"घरासंगट देती."

"मग पलीकडचीही चालेल," हे हळूच म्हणाले.

इतके दिवस फिरून, डोंगर चढून, एकर-गुंठ्यांची भांडणं करून शेवटी ह्यांना ताट सापडलं. उद्या मी चार काय चाळीस एकर घेतली असती, तरी हे पडवीत बसून ताट वाजवणार होते. मी चपला काढल्या आणि लुगड्याचा बोंगा वर खोचावा तशी साडी वर खोचली.

"कुठे निघालीस?"

"पलीकडचं बघून येते."

"काय बघायचंय त्यात?"

"वीस गुंठे."

आक्का काठापर्यंत आल्या आणि कुठल्या दगडावर कुठला पाय ठेवायचा ते सांगत राहिल्या. मी पलीकडे गेले. शेत काढलेलं होतं, धसकटं पायाला लागत होती. उंचवटा ओलांडला की पलीकडे एक जांभूळ होतं. तिथून घर दिसत नव्हतं, ओढा दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. मी बुंध्याला टेकून बसले.

पहिल्यांदा शेडगे ओरडला. "वैनी. ओ वैनी. च्या झाला."

मी बसून राहिले.

मग ताट वाजलं. झणझणीत, भराभर, सवयीच्या हाताने. वरच्या वस्तीवरून कुत्री भुंकायला लागली. मी बसून राहिले. माझी इतकी वर्षं लोकांना पुकारण्यात गेली, त्यामुळे मला माहीत आहे की पुकारा कानावर पडला की माणूस आपोआप अर्धा उठतोच. मी झाडाचं मूळ धरून ठेवलं.

ताट थांबलं, पुन्हा सुरू झालं. या वेळी ठोके वेगळे होते. सावकाश, एकसारखे, दोन ठोक्यांत सारखंच अंतर. ताट ह्यांच्या हातात गेलं होतं. मी डोळे मिटले. अजूनही हे ताटच वाजवत होते.

मग तेही बंद झालं.

"आवो, बाई पडली-बिडली न्हवं?" आक्कांचा आवाज उंचवट्यावरून सहज येत होता. "तिकडं जनावर निगतंय धसकटात. माज्या दिराला तितंच डसलं व्हतं."

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. कुणीतरी ओढ्यात उतरलं होतं. "साहेब, थांबा, मी जातो," शेडगे म्हणाला, आणि पुन्हा पाण्याचा आवाज. म्हणजे हे निघाले होते. गुडघा तसा, दगड तसले, तरी हे येणार, उंचवटा चढणार, माझ्यासमोर येऊन उभे राहणार. आणि मी वर बघेपर्यंत उभेच राहणार. तिथे झाडाखाली बसल्या बसल्या मी हरले. म्हटलं, येऊ देत. पाच गुंठे घेऊ. जिथे म्हणतील तिथे घेऊ. मी आपली काम करता करता मधून मधून मागे वळून बघत जाईन, म्हणजे ह्यांना फार वेळ उभं राहायला नको.

मी उठायला हात टेकला, आणि ओढ्यातून आवाज आला.

"सुहास."

घोगरा, मधेच फाटलेला.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे होते, दोन दीर होते. बायकोला नावाने हाक मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. हे खाकरायचे. खाकरले की मी जायची. मग सुहास झाला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी हे न्हाणीतून ओरडले, "सुहास, माझा टॉवेल कुठाय?" सुहास तेरा दिवसांचा होता. टॉवेल मी नेऊन दिला. तेव्हापासून तेच चालू झालं. सुहास, चहा. सुहास, पाहुणे आलेत. सुहास, किल्ली सापडत नाही. बाळ पाळण्यात झोपलेलं असायचं आणि मी पदराला हात पुसत बाहेर यायची. पुढे सासू-सासरे गेले, आम्ही चिंचवडला आलो, आता नावाने हाक मारली असती तरी कोण काय म्हणणार होतं. पण ह्यांच्या जिभेला तेच नाव बसलेलं. सुहास मोठा झाल्यावर एका हाकेचे दोन धनी झाले. त्याला मारलेली हाक तुटक असायची आणि मला मारलेल्या हाकेत 'हा' लांबवलेला असायचा. आम्ही दोघं कधी चुकलो नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही फरक कळायचा. त्यांच्याकडे बसलेली असले तर म्हणायच्या, ही तुमची आली, जा.

तो गेला आणि ह्यांच्याजवळ मला हाक मारायला नावच उरलं नाही. हे येऊन उभे राहत, ते त्यामुळे. दुसरं काय करणार होते?

"सुहाऽऽस."

ही माझी होती.

मी "आले" म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. आले, आले, करत उंचवट्यावर पळत चढले. धसकटं टोचत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं. वर आल्यावर खालचं दिसलं. हे ओढ्याच्या मधोमध होते. पँट वर दुमडलेली, एक पाय दगडावर, एक पाण्यात, एका हातात पितळी ताट. दुसरा हात शेडगेने दंडाला धरला होता. त्यामुळे ह्यांना पुढेही येता येत नव्हतं आणि मागेही जाता येत नव्हतं.

मी काठावर येऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"चहा निवतोय," हे म्हणाले.

"आले ना," मी म्हणाले.

दोघंही जागचे हललो नाही. मधल्या मधे शेडगे थंड पाण्यात उभा होता.

"वैनींचं नाव सुहास व्हय?" तो म्हणाला. "आन मी मगाधरनं वैनी वैनी करतुया. मग कशा ओ देत्याल?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, कोण जाणे. पण ह्यांनीच माझ्याआधी उत्तर दिलं.

"हो," हे म्हणाले.

चहा निवलाच होता. आक्कांनी पुन्हा गरम करून दिला. हे पडवीत ओल्या पायांनी बसले होते आणि कपाकडे बघत होते. माझ्याकडे बघायचं टाळत होते, आणि मीही त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. नवीन लग्न झालेल्या माणसांसारखं काहीतरी चाललं होतं. शेडगेने पँटचे पाय पिळले आणि हिंमत करून विचारलं, "मग साहेब, फाट्याजवळ पाच गुंठ्याचा एक प्लॉट हाय. जाता जाता बगायचा का?"

"ही घेतोय," हे म्हणाले.

"समदी?"

"सगळी."

"पलीकडची वीसबी?"

"तिला हळद लावायचीय तिकडे."

शेडगेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. आमचं पहिल्यांदाच एका आकड्यावर जमलं होतं आणि आता कुणी काही बोलायच्या आत निघावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हळद खरंच लावली. पहिल्या वर्षी वाया गेली, दुसऱ्या वर्षी बरी आली. मी सकाळी दगडांवरून पलीकडे जाते, हे अलीकडे कोथिंबीर आणि पपई बघतात. ताटावर मी पापड वाळत घालते. गावातली माणसं दोन-तीनदा सांगून गेली, साकव बांधून घ्या, म्हातारपणी सोयीचं होईल. हे तयारही झाले होते. मी नको म्हटलं.

गावात मला सुहासकाकू म्हणतात. सुरुवातीला मी शेजारच्या सूनबाईला सांगून पाहिलं की माझं नाव रोहिणी आहे. तिला ते पटलं नाही. "मग ते दिसभर सुहास सुहास कुणाला वरडत्यात?" तिने विचारलं. "मलाच," मी म्हणाले. ते खरंच होतं. तिने बाकीचं विचारलं असतं तर सांगितलंही असतं. तिने विचारलं नाही.

दिवसातून तीन-चार वेळा हाक येते. चहा झाला, फोन आलाय, पोस्टमन आलाय, कधी कधी काहीच नसतं. पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. मला हल्ली कमी ऐकू येतं, असं ह्यांना सांगून ठेवलंय. मग दुसरी येते, जरा मोठी, आणि मी "आले" म्हणते.